चौपन्न पायऱ्या

वार्धक्य म्हणजे काय, असा प्रश्न आम्हांस कोणी चाळीस वर्षांपूर्वीं विचारला असता, तर आम्हीं वर्गांतल्या खुर्चीवरून ययातीचें आख्यान सांगितलें असतें. शुक्राचार्यांचा शाप, अकालीं आलेली जरा, पुरूनें पित्यास दिलेलें आपलें तारुण्य, आणि उपभोगानें वासना शमत नाहीं हें ययातीला शेवटीं झालेलें ज्ञान, असा तो पाठ ठरलेला होता. आज तोच प्रश्न कोणी विचारील तर आम्ही इतकेंच सांगूं कीं, वार्धक्य म्हणजे आमच्या घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतच्या ५४ पायऱ्या. त्या पायऱ्या इतकीं वर्षें तेथेंच होत्या. परंतु ज्या दिवशीं त्या मोजाव्याशा वाटल्या, तो आमच्या वार्धक्याचा पहिला दिवस होय.

आमचें बिऱ्हाड मुलुंडास पूर्वेच्या बाजूस, तळमजला अधिक तीन मजले अशा एका इमारतींत अगदीं वर आहे. मुंबईच्या उपनगरांत अशा इमारती ठिकठिकाणीं आढळतात. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्यें, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्यें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. पुढील दोन-तीन दशकांत गिरगांव-दादरच्या चाळींतून बाहेर पडलेल्या कारकून, शिक्षक, बँकेंतील नोकर अशा मध्यम स्थितींतल्या लोकांनीं सहकारी संस्था काढून येथें घरें बांधलीं. पैसा बेताचा, म्हणून लिफ्ट नाहीं. आणि राहणारे सर्वच तरुण, म्हणून तिची खंतहि कोणास नव्हती. एका हातांत भाजीची पिशवी व दुसऱ्या हातांत मूल घेऊन आमच्या इमारतींतल्या स्त्रिया तीन मजले न थांबतां चढत. आज त्या स्त्रिया सत्तरीच्या घरांत आहेत आणि इमारत पन्नाशीच्या. दोघींचेहि सांधे एकदमच कुरकुरूं लागले आहेत.

आमच्या सौभाग्यवतीचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून अधिकच बिघडले. दोन महिन्यांत डॉक्टरांकडे जाण्याखेरीज ती एकदांहि खालीं उतरली नव्हती. औषध चालूं होतें, निवृत्तिवेतन वेळेवर येत होतें, मुलगा पुण्याहून रोज रात्रीं फोन करीत होता. उणीव म्हणावी अशी कसलीच नव्हती. तरी तिचें बोलणें दिवसेंदिवस कमी होत चाललें होतें. संध्याकाळीं फाटकाजवळच्या कट्ट्यावर चार-सहा बायका जमतात. त्यांचे आवाज आमच्या गॅलरींत ऐकूं येत, पण शब्द कळत नसत. आणि तेंच तिला अधिक लागे.

अशांत आमच्या संस्थेपुढें पुनर्विकासाचा प्रश्न आला. जुनी इमारत पाडावयाची, बिल्डरनें तेथें उंच इमारत उभारावयाची, जुन्या सभासदांस तींत नवीं घरें द्यावयाचीं आणि उरलेलीं विकून आपला खर्च व नफा काढावयाचा, हा व्यवहार मुंबईकरांस आतां पाठ झाला आहे. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयानें एकूण सभासदांपैकीं ५१ टक्क्यांची संमति त्यास पुरेशी ठरविली. आमच्या इमारतींत तेवढ्यास दोन-तीन मतें कमी पडत होतीं, आणि त्या दोन-तिनांत आमचें एक होतें.

आम्ही सही करण्यास अनुकूल होतों. लिफ्ट मिळणार, आणखी काय पाहिजे? परंतु सौभाग्यवती म्हणाली, “अहो, लिफ्ट मिळेल हें खरें. पण मधलीं तीन वर्षें कुठें काढायचीं? आणि परत येऊं तेव्हां खालीं कट्ट्यावर कोण असेल?”

या दुसऱ्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें ज्याच्यापाशीं असेल असा एकच मनुष्य आम्हांस आठवला. आमचे एक गुरुबंधु बोरिवलीस राहतात. बालपणीं एकाच शास्त्रीबुवांपुढें बसून आम्हीं दोघांनीं अमरकोश घोकला. त्यांची इमारत याच रीतीनें पडून पुन्हां उभी राहिली होती, आणि दीड वर्षापूर्वीं ते नव्या घरीं परतले होते. डोळ्यांनीं पाहून यावें आणि मग सही करावी, असें ठरवून एका मंगळवारीं, शेजारच्या वहिनींस घरीं सोबतीला येण्यास सांगून, आम्ही निघालों.

लोकलच्या दुसऱ्या वर्गांत ज्येष्ठांसाठीं १४ जागा राखून ठेविलेल्या असतात. त्यांवर कांहीं तरुण मंडळी डोळे मिटून बसली होती. वृद्ध मनुष्य समोर येणें आणि तरुणास गाढ झोप लागणें हीं दोन्ही एकाच क्षणीं कशीं घडतात, याचा शोध कोणी शास्त्रज्ञानें घ्यावा. परंतु न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, गाडीनें नाहूर सोडलें नाहीं तोंच एक मुलगा आपण होऊन उठला आणि “बसा आजोबा,” म्हणाला. मुंबई उच्च न्यायालयापुढें हा विषय गेल्यानंतर मालाच्या डब्यांपैकीं एक ज्येष्ठांस देण्याचें रेल्वेनें २०२४ मध्यें मान्य केलें, आणि २०२५ मध्यें मध्य रेल्वेवर तशा डब्याची पहिली गाडी धांवूं लागली. ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि वृद्धास डब्यांतल्या जागेपेक्षांहि डब्यापर्यंत पोंचण्याची वाट अधिक महत्त्वाची असते. घाटकोपरास उतरून पुलावरच्या गर्दींत सांपडल्यावर हें तत्त्व कोणासहि पटेल.

घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानकें १२. त्यापूर्वीं पूर्वेच्या उपनगरांतून पश्चिमेकडे जावयाचें म्हणजे दादरचा वळसा, नाहीं तर रस्त्यानें धक्के खात काढलेला दीड तास. या मेट्रोनें आमच्यासारख्यांसाठीं विशेष असें काय केलें? फलाटापर्यंत लिफ्ट दिली, फलाट व डबा एका पातळीवर आणले, आणि पुढचें स्थानक कोणतें तें मोठ्यानें सांगितलें. या तिन्ही गोष्टींत दया नाहीं, दान नाहीं. पण त्यांमुळेंच अडुसष्टाव्या वर्षीं एकट्यानें बोरिवलीस जाण्याचें आम्ही मनांत आणूं शकलों.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं वृद्धांस अनुकूल नगर कसें असावें याविषयीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. निरनिराळ्या देशांतील नगरांत, त्यांत आपलीं दिल्ली व उदयपूरहि आलीं, वृद्धांनाच विचारून ती तयार केलेली आहे. तींत आठ प्रकरणें आहेत: मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घर, समाजांतील सहभाग, मान, काम व नागरिक म्हणून असलेलें स्थान, माहिती, आणि शेवटीं शुश्रूषा व आरोग्यसेवा. आपण घरोघरीं वृद्धांच्या प्रकृतीविषयीं बोलतों तें बहुधा या आठव्या प्रकरणाविषयींच. रक्तदाब किती, साखर किती, एवढें विचारलें कीं आपली काळजी संपते. पहिल्या सात प्रकरणांची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाहीं.

असल्फ्याच्या टेकडीवरचीं रंगविलेलीं घरें मेट्रोच्या खिडकींतून फार सुंदर दिसतात. आम्हांस मात्र त्यांच्या मधून वर जाणाऱ्या अरुंद पायऱ्या दिसल्या, आणि आमच्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई आठवली. तिची साठी केव्हांच उलटली आहे. ती भांडुपच्या अशाच एका टेकडीवर राहते. स्वतःच्या पायऱ्या उतरून येते आणि मग आमच्या ५४ चढते. आमच्या गुडघ्यांच्या तक्रारी ऐकून एकदां ती नुसती हंसली होती. राज्य शासनाची श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरील निराधारांसाठीं आहे. तिचें मासिक अर्थसाहाय्य २०२३ मध्यें १,००० रुपयांवरून १,५०० रुपये झालें. पंधराशे रुपयांत मुंबईंत महिना कसा काढावयाचा, याचा हिशेब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आम्ही लोकांनीं एकदां तरी मांडून पाहावा. वार्धक्याच्या सुखाचा विचार करतांना पोटाची निश्चिती ही पहिली पायरी होय. ती आमच्या पायांखालीं आहे म्हणून दिसत नाहीं, इतकेंच.

चकाल्याच्या सुमारास शेजारचे गृहस्थ बोलूं लागले. ते एका कचेरींतून निवृत्त झालेले असून अंधेरीस वकिलांकडे निघाले होते. पत्नी वारल्यावर त्यांनीं राहतें घर मुलाच्या नांवें बक्षीसपत्रानें करून दिलें होतें. बापास सांभाळावें अशी एक ओळहि त्या कागदांत नव्हती. “पोटच्या मुलाला कसल्या अटी घालायच्या, असें वाटलें,” ते म्हणाले, आणि थोडें थांबून पुढें म्हणाले, “घरांत ठेवलें आहे हो मला. पण पाहुण्यासारखें. आतां घर विकायचें म्हणतात.”

या विषयाचा कायदा आहे, आणि तो प्रत्येक घरांत माहीत असला पाहिजे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठीं व कल्याणासाठीं २००७ सालीं केलेल्या अधिनियमान्वयें साठ वर्षांवरील मनुष्यास उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें मुलांविरुद्ध दाद मागतां येते. त्या अधिनियमाच्या २३ व्या कलमांत असें आहे कीं, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळूं शकते. मात्र ती अट घातली होती हें दिसून आलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें सांगितलें. आणि हा कायदा वृद्धांचें हित साधेल अशा उदार दृष्टीनें वाचावा, असें त्याच न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें म्हटलें. आम्हीं त्या गृहस्थांस जमेल तेवढा धीर दिला. परंतु मनांत आलें कीं, मृत्युपत्रानें जें मागाहून देतां येतें, तें बक्षीसपत्रानें आधींच देऊन टाकण्याची घाई आपण कां करतों? पुत्रप्रेम व व्यवहार यांत विरोध नाहीं. कागद नीट असला म्हणजे प्रेमावर भार पडत नाहीं.

अंधेरीस उतरून आम्ही रिक्षानें पार्ल्यास गेलों. लोकमान्यांच्या निधनानंतर तीन वर्षांच्या आंत, १९२३ सालीं, पार्लेकरांनीं स्थापन केलेला लोकमान्य सेवा संघ तेथें आहे, आणि त्याचें ग्रंथालय हें आमचें जुनें तीर्थक्षेत्र. तेथें वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या ऐंशीच्या घरांतील एका गृहस्थांस आम्हीं सहज विचारलें, “हें पत्र आपल्या घरीं येत नाहीं काय?” ते म्हणाले, “येतें ना. पण घरीं तें वाचून बाजूला ठेवावें लागतें. येथें वाचलें कीं कोणाशीं तरी भांडतां येतें.” मग त्यांनीं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलें. तेथें बसणारे गृहस्थ दोन दिवस आले नव्हते, म्हणून संध्याकाळीं दोघेजण त्यांच्या घरीं जाऊन पाहणार होते. न येणाऱ्याची वाट पाहिली जाते, ही केवढी गोष्ट! उपनगरांतील ज्येष्ठ नागरिक संघ हेंच काम करीत असतात. अशा संघांचा महाराष्ट्रव्यापी महासंघ, ज्यास फेस्कॉम म्हणतात, तो १९८० सालीं निघाला. संघांतलीं व्याख्यानें, वाढदिवस व सहली यांस कित्येक लोक हंसतात. त्यांनीं त्या खुर्चीची गोष्ट ध्यानांत ठेवावी.

दुपार कलल्यावर गुंदवली स्थानकांतून दुसऱ्या मेट्रोनें आम्ही राष्ट्रीय उद्यान या स्थानकावर उतरलों. गुरुबंधु सतराव्या मजल्यावर राहतात. दाराशीं पहारेकरी, आंत गुळगुळीत फरशी, दोन लिफ्ट, घरांत ऊन व वारा भरपूर. आणि खिडकींतून समोर जंगलाचा हिरवा डोंगर. आम्हीं मनांत म्हटलें, सही करून टाकावी.

परंतु चहा घेऊन झाल्यावर “चल, जरा खालीं फिरून येऊं,” असें म्हणतांच गुरुबंधु गप्प झाले. थोड्या वेळानें म्हणाले, “खालीं जाऊन काय करूं रे? कोण आहे खालीं?”

मग हळूहळू सर्व हकीकत कळली. इमारत पाडली तेव्हां चोवीस बिऱ्हाडें भाडें घेऊन चोवीस दिशांस पांगलीं. हे मुलाच्या सोयीसाठीं वसईकडे गेले. तीन वर्षांचीं चार वर्षें झालीं. त्या अवधींत यांच्या रोजच्या बैठकींतले दोघे वारले, एक मुलीकडे नाशिकला गेले, एकास स्मृतिभ्रंश झाला. यांची पत्नीहि तेथेंच गेली. नवें घर तिनें पाहिलें नाहीं. परत आले तेव्हां इमारतींत शंभरावर बिऱ्हाडें होतीं, आणि ओळखीचीं त्यांत दहा. जुन्या फाटकाजवळचा पार गेला होता. तेथें आतां मोटारी उभ्या राहतात. बसावयास बांक आहेत, पण ते वाहनतळाच्या डोक्यावर केलेल्या बागेंत, सहाव्या मजल्यावर. रस्त्यानें जाणारा-येणारा तेथें दिसत नाहीं. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. दोघेंहि सकाळीं आठास बाहेर पडतात व रात्रीं आठास दमून येतात. त्यांस दोष द्यावा असें कांहीं नाहीं, आणि दोष देतां येत नाहीं म्हणून दुःख सांगतांहि येत नाहीं.

“आमच्या जुन्या घरीं लिफ्ट नव्हती,” गुरुबंधु म्हणाले, “पण मी दिवसांतून तीनदां उतरत असें. आतां लिफ्ट आहे, आणि मी गेले पंचवीस दिवस खालीं गेलों नाहीं.” उठतांना त्यांनीं टेबलाचा आधार घेतला तो आमच्या नजरेंतून सुटला नाहीं. अमेरिकेंत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी वृद्धांस दहा दिवस अंथरुणावर ठेविलें, तों त्यांच्या पायांतील मांस सरासरी जवळजवळ एक किलो घटलें. न उतरणारा मनुष्य अशा रीतीनें हळूहळू उतरूं न शकणारा होतो.

रात्रीं आम्हांस झोप लागेना. घाटकोपरापासून फार दूर नसलेल्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ मध्यें ४५ वर्षांवरील ७२ हजार भारतीयांची पाहणी केली; तिचा अहवाल २०२१ मध्यें आला. साठीवरील माणसांपैकीं अवघीं सहा टक्के एकटीं राहतात, असें तींत दिसतें. तें वाचून आम्हांस त्या वेळीं समाधान वाटलें होतें. आमचे गुरुबंधु त्या हिशेबांत उरलेल्या चौऱ्याण्णवांत मोडतात. एका घरांत राहणें निराळें व सोबत असणें निराळें, हा भेद आम्हांस त्या रात्रीं कळला. हार्वर्ड विद्यापीठांत १९३८ पासून कांहीं शें पुरुषांच्या आयुष्याचा मागोवा घेत आले आहेत. पन्नाशींत ज्यांचीं नातीं समाधानाचीं होतीं, तेच ऐंशीव्या वर्षीं अधिक निरोगी आढळले. रक्तांतल्या चरबीच्या प्रमाणापेक्षां ही खूण अधिक विश्वसनीय ठरली. आपल्याकडील शहाण्या आजीनें हें न मोजतांच सांगितलें असतें. पण मोजलें तेंहि बरें झालें.

पहांटे आम्हीं गुरुबंधूंस जवळजवळ ओढूनच बाहेर काढलें. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घरापासून हाकेच्या अंतरावर. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें अरण्य महानगराच्या पोटांत आहे. तुळशी व विहार हे तलाव त्याच्या कुशींत आहेत, आणि बिबटेहि तेथें सुखानें नांदतात. कान्हेरीच्या लेण्यांत इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून पुढें हजारभर वर्षें बौद्ध भिक्षूंचें वास्तव्य होतें. तेथें पुष्कळ विहारांस खडकांतच खोदलेलें पाण्याचें टांकें, आणि दाराशीं बसावयास दगडी बांक आहे. सर्वसंगपरित्याग केलेल्यांसहि दाराशीं बांक लागतो, हें आमच्या पूर्वीं कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

अंगावर वळ्या, डोक्यावर पांढरे केस आणि मांडीवर नातू दिसला कीं गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनु सांगतो. बोरिवलीकर तो नियम आपल्या परीनें पाळतात. पांढऱ्या केसांचे शेंकडों लोक पास काढून पहांटे वनांत शिरतात आणि उन्हें वर येण्यापूर्वीं न्याहारीस घरीं परततात. असा वानप्रस्थ मनूस सुचला नसता. पण तो वाईट आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं. एका वळणावर सात-आठ जण हात वर करून मोठमोठ्यानें हंसण्याचा व्यायाम करीत होते. गुरुबंधु संकोचून बाजूस उभे राहिले. इतक्यांत त्यांतील एकजण पुढें येऊन म्हणाले, “आपण अमुक बँकेच्या शाखेंत होतां ना? माझा पहिला चेक आपण परत पाठवला होता!” सही जुळत नव्हती, एवढेंच कारण होतें, पण त्या एका न जुळलेल्या सहीवर दोघांचें अर्धा तास बोलणें झालें. निघतांना त्यांनीं विचारलें, “उद्यां येणार ना?” गुरुबंधूंनीं आमच्याकडे पाहिलें, आणि मग म्हणाले, “येईन. पावणेसहाला.” परततांना त्यांनीं आमचा हात धरला नाहीं.

त्याच दुपारीं आम्ही मुलुंडास परतलों. येतांना गाडींतच एका कागदावर पांच कलमें लिहून काढलीं होतीं. पहिलें, मधल्या वर्षांत इमारतींतल्या वृद्ध जोडप्यांनीं शक्य तों एकमेकांच्या शेजारीं, आणि मुलुंडांतच, घरें शोधावीं. भाडें वेगळें मिळालें तरी पांगूं नये. दुसरें, नव्या इमारतींत बसण्याची जागा जमिनीवर, फाटकाशेजारीं आणि सावलींत असावी. सहाव्या मजल्यावर नव्हे. तिसरें, आजाऱ्याची खाट मावेल एवढी एक लिफ्ट, वीज गेली तरी चालणारी, आणि दारापर्यंत पायरीऐवजीं उतार. चौथें, न्हाणीघरांत धरावयास दांडा व न घसरणारी फरशी. पांचवें, करार पतिपत्नी दोघांच्या नांवें, आणि हयातींत तो कोणाच्याहि नांवें करून न देण्याचा निश्चय. हें शेवटचें बिल्डरकडे नव्हे, स्वतःकडेच मागावयाचें होतें.

रविवारच्या सभेंत तो कागद वाचला तेव्हां कांहीं तरुण सभासद हंसले. बिल्डरच्या माणसानें पडद्यावर सहाव्या मजल्यावरची बाग दाखविली व “आजोबा, इथें कारंजें आहे,” असें सांगितलें. आम्हीं म्हटलें, “कारंजें बोलत नाहीं हो. फाटक बोलतें.” त्यावर मागच्या रांगेंतून दोघे आजोबा व तीन आज्या एकदम बोलूं लागल्या, आणि चिटणीसांनीं पहिलीं चार कलमें इतिवृत्तांत नोंदविलीं. हीं कलमें करारांत आल्यावर सही देऊं, असें आम्हीं व आणखी चौघांनीं लिहून दिलें आहे. बिल्डरचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. तें प्रतिकूल आलें तर काय करावें, हें आमचें ठरलेलें नाहीं. आम्हांस लिफ्टहि हवी आहे आणि कट्टाहि. दोहोंपैकीं एकच निवडावयाची वेळ आली, तर ती निवड सोपी नाहीं, हें आतां आम्ही जाणतों.

पण इमारत पडेपर्यंत वाट कां पाहावी? चिटणीसांच्या परवानगीनें आम्हीं जिन्याच्या तीन वळणांवर तीन खुर्च्या ठेविल्या. दुसऱ्याच दिवशीं सौभाग्यवती काठी घेऊन निघाली. कठडा धरून नऊ पायऱ्या, मग खुर्ची. पुन्हां अठरा, पुन्हां खुर्ची. वाटेंत दोन दारें उघडलीं, दोन्ही ठिकाणीं चौकशी झाली, एका ठिकाणीं पाणी मिळालें. खालीं पोंचण्यास वीस मिनिटें लागलीं. कट्ट्यावरच्या बायका तिला पाहून उठूनच उभ्या राहिल्या. आम्ही वर येऊन गॅलरींत बसलों. त्यांचे शब्द कळत नव्हते. पण तिचा आवाज त्यांत निराळा ओळखूं येत होता, आणि तो मुळींच क्षीण नव्हता.

तिन्हीसांजेस तिला वर आणावयास गेलों तेव्हां तळमजल्यावरच्या काकूंनीं विचारलें, “उद्यां येणार ना?” ती म्हणाली, “येतें कीं.” वर चढावयास अर्धा तास लागला; पण त्या अर्ध्या तासांत तिनें पायऱ्या मोजल्या नाहींत.

सारांश, वृद्ध मनुष्यास खालीं उतरावयास साधन पाहिजे आणि खालीं उतरावयास कारण पाहिजे. पहिलें नगरपालिका, रेल्वे, बिल्डर यांच्याकडून मागून घ्यावें लागेल, व तें हक्कानें मागावें. दुसरें मात्र आपणच एकमेकांस द्यावयाचें असतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या इमारतींत कोणी वरच्या मजल्यावर अडकून पडलें असेल, त्यांनीं जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवावी, आणि संध्याकाळीं वर जाऊन “उद्यां खालीं येणार ना?” एवढें विचारून यावें. यास खर्च फारसा येत नाहीं.